मॅडम, अडचण हाय

सोलापूरच्या एसटी स्टँडवर विजापूरची गाडी लागली तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि कोमलच्या आईनं माझा हात अजून सोडला नव्हता. माझ्या एका हातात दोन बॅगा, दुसऱ्या हाताला ही बाई. कंडक्टर कानडीत हाका मारत होता. कोमलचे वडील डिकीत तिची खेळाची बॅग कोंबत होते. कोमल स्वतः खिडकीची जागा धरून बसलीसुद्धा होती. एकोणीस वर्षांची पोर. घर सोडताना रडायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नसावं.

"मॅडम," तिची आई म्हणाली, "हिला तोंड न्हाय. ल्हानपनापासनं असंच. ताप आला तरी सांगत न्हाय, आंगाला हात लागला की मला कळतं. आता तितं तुमीच हिची आई. तुमाला न सांगता कळंल."

"कळेल की," मी म्हणाले. "सहावीपासून ओळखते मी तिला."

गाडी सुटली. कोमलनं पिशवी उघडून कडक भाकरीचा तुकडा मोडला आणि अर्धा मला दिला. पुढच्या गाडीसाठी विजापूरला उतरेपर्यंत आम्ही दोघी फारसं काही बोललो नाही. बोलायची गरज वाटली नाही. मला तेव्हा ते चांगलं लक्षण वाटलं होतं.

या गोष्टीला सात वर्षं झाली. तुमच्यापैकी काही जण अजून जुळे सोलापुरातच आहात, संध्याकाळी त्याच कट्ट्यावर बसता. काही जण माझ्यासारखे बाहेर पडलात, पुण्याला, बेंगळुरूला, त्याहून लांब. भेटलात की विचारता, तिकडे नेमकं काय करतेस आणि त्या पोरीचं काय झालं. दोन्हींचं उत्तर एकच आहे. तोंडी सांगायला गेले की मध्येच कुणीतरी "जाऊ दे गं, तुझा काय दोष" म्हणतं आणि विषय संपतो. म्हणून लिहून काढते आहे.

अठरा वर्षं मी शाळेत पीटी शिकवली. आपल्याकडे मुलींनी खो-खो खेळावा, फार तर कबड्डी. फुटबॉल मी हौसेनं सुरू केलेला नाही. खो-खोचा एक खांब मोडला, नवा येईना, आणि कपाटात दोन फुटबॉल पडून होते. चौदा मुली जमल्या. त्यांत वसतिगृहात राहणारी ही कोमल. गाव करमाळा तालुक्यातलं, वडील करमाळ्याच्या बाजार समितीत मापाडी. ज्वारी, तूर, उडीद तोलायचं काम. पोरगी डाव्या बाजूनं सुटली की मागे धूळ तेवढी दिसायची.

बार्शीतल्या एका स्पर्धेत मंगळूरच्या एका क्लबच्या माणसानं तिला पाहिलं. क्लबचं नाव लिहीत नाही. माझी भाकरी अजून तिथेच आहे. त्यांच्या बायकांच्या संघाला पगारी खेळाडू हव्या होत्या. त्यांनी कोमलला करार देऊ केला. तिचे आईवडील म्हणाले, मॅडम जाणार असतील तर पाठवतो. क्लबलाही संघासाठी बाई मॅनेजर हवीच होती. माझा मुलगा तेव्हा शिकायला पुण्याला गेलेला. नवरा म्हणाला, "जा. मला भात येतो, बाकीचं खानावळीत येतं."

शेजारच्या काकूंनी विचारलं, "मॅनेजर म्हणजे काय करायचं असतं गं? पोरींच्या चपला मोजायच्या?"

चपलाही मोजल्या. चोवीस मुली, कुणी हरियाणाची, कुणी मणिपूरची, कुणी झारखंडची. कुणाच्या खोलीच्या दाराला आतून कडी नाही, कुणाच्या बुटाचं माप चुकलं, कुणाच्या घरून लग्नासाठी रोज फोन, कुणाला नेणारी बस आडवाटेनं का गेली. प्रवासात बाथरूम कुठे मिळेल इथपासून सरावात डोक्याला मार लागलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी मैदानात उतरू द्यायचं की नाही इथपर्यंत. खेळ शिकवायला कोच असतो. खेळणारं माणूस शाबूत ठेवायला मॅनेजर. मी या कामात चांगली होते. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल, ही बेफिकीर असणार. तसं नव्हतं.

मंगळूर आपल्यासारखं नाही. हवेत पाणी असतं. कपडे वाळत नाहीत, मीठ ओघळतं. मला वाटलं होतं कानडी येतं म्हणजे निभेल, माझं आजोळ अक्कलकोटजवळ. पहिल्याच आठवड्यात भाजीवाली हसून म्हणाली, तुमचं कानडी भांडल्यासारखं वाटतं. कोमलला तर तेवढंही येत नव्हतं. ती ताटातल्या आमटीकडे बघून म्हणाली, "मॅडम, हितला भात खायचा म्हंजे आधी पवायला शिकाय पायजे." आहार ठरवणाऱ्या बाई तिच्या डब्यातली शेंगा चटणी पाहून घाबरल्या होत्या. मी त्यांना शेंगदाण्यातल्या प्रथिनांवर पाच मिनिटांचं भाषण दिलं. चटणी राहिली. तिकडे चोवीस जणींत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. दिवसभर हिंदी, इंग्रजी, हातवारे, मग जेवणानंतर कोमल माझ्या खोलीच्या पायरीवर येऊन बसायची आणि म्हणायची, "बोला की कायतरी." आणि स्वतः गप्प. तेवढंच आमचं सोलापूर.

आता त्या शब्दाबद्दल. आपल्याकडे "अडचण" म्हटलं की बाईमाणसाला वेगळं सांगावं लागत नाही. देवळात जायचं नाही, अडचण आहे. पापडाला हात लावायचा नाही, अडचण आहे. अठरा वर्षं मुली पीटीच्या तासाला खाली मान घालून माझ्याजवळ यायच्या, "मॅडम, अडचण हाय," आणि मी मानेनंच बाक दाखवायचे. एकदाही विचारलं नाही, कसली. विचारणं म्हणजे त्या पोरीची लाज काढणं. शाळेत माझं नाव होतं, आमच्या मॅडमना सांगावं लागत नाही.

क्लबमध्ये आल्यावर मी हाच विषय पहिल्यांदा हातात घेतला. पांढऱ्या चड्ड्या बदलून काळ्या करून घेतल्या. किटच्या पेटीत पॅड, गरम पाण्याची पिशवी, डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी. प्रत्येकीच्या तारखांचा तक्ता केला, म्हणजे त्या दिवसांत सराव कमी करता येतो. पहिल्या बैठकीत सगळ्या फरशी बघत बसल्या. मग हरियाणाची गोलकीपर मोठ्यानं म्हणाली, "मॅडम, माझी तारीख रेफ्रीलापण कळवा, शिट्टी जपून वाजवेल." सगळ्या हसल्या आणि गाठ सुटली. त्यानंतर मुली सरळ नावानं बोलायला लागल्या. कोमल तेवढी नाही. ती माझ्या कानाशी येऊन "अडचण हाय" एवढंच म्हणायची, आणि मी तक्त्यात खूण करायचे. बाकीच्या तेवीस जणींना मी विचारायचे. हिला विचारत नव्हते. हिला विचारणं मला आमच्या दोघींच्या मध्ये परकं माणूस आणून बसवल्यासारखं वाटायचं.

चौथा हंगाम चालू होता. कोमलचा करार त्या उन्हाळ्यात संपणार होता. एका रविवारच्या सामन्याला राष्ट्रीय शिबिरासाठी खेळाडू निवडणारे लोक येणार आहेत, हे कोचनं सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं. सांगू नये, असं मी त्याला आधी म्हणाले होते. मुली दुखणं लपवतात. तो म्हणाला, लपवण्यासारखं कुणाचं काही नाहीये, सगळ्या तंदुरुस्त आहेत.

शुक्रवारच्या सरावात कोमल वळताना घसरली. उठली, बुटाची नाडी बांधली, पळाली. फिजिओनं विचारलं, ती हिंदीत म्हणाली, ठीक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर भरायचा तक्ता असतो: झोप किती, थकवा किती, दुखणं किती, शून्य ते दहा. कोमलनं दुखणं एक लिहिलं. ती रोजच एक लिहायची. एकदा मी कारण विचारलं होतं तर म्हणाली, "शून्य ल्हिलं तर खोटं वाटतंय."

रविवारी दुपारी साडेतीनचा सामना. ड्रेसिंग रूममध्ये चोवीस मुलींचा गलका, दारात कोच नावांचा कागद घेऊन उभा. कोमल माझ्याजवळ आली. एका पायात मोजा, दुसरा हातात.

"मॅडम, जरा अडचण हाय."

मी तक्ता आठवला. तिची तारीख दोनच दिवसांवर होती. जुळलं. मी पेटीतून गोळी काढली, बाटलीचं झाकण उघडून तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "ही घे. आणि घाबरू नकोस, यासाठी कुणी बाहेर बसत नाही. खेळ बिनधास्त."

तिनं माझ्याकडे पाहिलं. किती वेळ ते मला आता खरंच सांगता येणार नाही. मनात ते पुन्हा पुन्हा बघून मी लांबवलं असेल. मग "व्हय," म्हणाली आणि गोळी गिळली.

दारातून कोचनं विचारलं, सगळं ठीक? त्यानं मलाच विचारलं होतं, आणि मी हो म्हणाले. त्या 'हो'वर नावांच्या कागदाखाली माझी सही झाली.

अर्धा सामना ती सुंदर खेळली. गोळीनं दुखणं दाबून धरलं होतं, हे मला नंतर समजावून सांगण्यात आलं. उत्तरार्धात चेंडू डाव्या बाजूला आला, तिनं आत वळायला डावा पाय रोवला, आणि पडली. तिच्या आसपास कुणी नव्हतं. कुणी धक्का दिला असता तर मला रागवायला एक माणूस मिळालं असतं.

अँब्युलन्समध्ये मी तिच्या डोक्याशी बसले. फिजिओ गुडघा धरून होती. मी विचारलं, "आधीपासून दुखत होतं?"

"शुक्रवारपासनं. निसटल्यागत व्हतंय."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं की."

"कधी?"

"मगाशी. अडचण हाय म्हनलं की तुमाला."

मी म्हणाले, "अगं, मला वाटलं..."

ती छताकडे बघत होती. "मला वाटलं तुमाला कळलं," ती म्हणाली. "तुमी खेळ म्हनला, म्हनून खेळले."

गुडघ्याचं म्हणावं तर समोर कोच होता, आणि गुडघा, दुखणं हे मराठीतलंही त्याला हिंदीवरून कळलं असतं. त्याच्या कानावर जाऊ नये आणि तरी माझ्यापर्यंत पोचावं, म्हणून तिनं आमच्या दोघींचा शब्द वापरला. त्या खोलीत तो कळणारी मी एकटी होते. आणि मी एकटीच तिला विचारणार नव्हते.

हॉस्पिटलच्या बाकावर फिजिओनं मला प्रश्न केला. ती केरळची, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, कामाला चोख. "प्रॉब्लेम आहे असं ती म्हणाली. तुम्ही कुठला प्रॉब्लेम हे विचारलं नाही?"

"आमच्याकडे हा शब्द आला की विचारत नाहीत," मी म्हणाले.

तिनं लिहिलेलं खोडलं, पुन्हा लिहिलं. मग म्हणाली, "मला तुमची भाषा येत नाही ते बरं."

ती टोचून बोलली नव्हती. तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हणाले असते.

ऑपरेशन झालं. गुडघ्यातला आतला दोर तुटला होता, बाजूची गादीही फाटली होती. झाल्या प्रकाराचा अहवाल लिहायचं काम मॅनेजरचं असतं. मी लिहिला, काही वगळलं नाही. गोळीही लिहिली, तक्ताही लिहिला, माझा होही लिहिला. वरच्या लोकांनी बैठक घेतली, पाणी दिलं, आणि कागदावर ठरलं की ही भाषेमुळे झालेली गफलत आहे, यापुढे खेळाडूनं दुखण्याची तक्रार फक्त फिजिओकडे करावी. वाईट नियम नाही. आज तोच चालू आहे. मला कुणी काढलं नाही. काढलं तिला.

म्हणजे तसं काढलंही नाही. करार मे महिन्यात संपत होता, तो संपू दिला. असा गुडघा मैदानावर परत यायला वर्षभर लागतं आणि करार उरला होता पाच महिन्यांचा. ती बरी होईपर्यंत खोली आणि फिजिओ द्या, म्हणून मी तीन वेळा अर्ज केला. दोन महिने वाढवून मिळाले. मग नूतनीकरण होणार नसल्याचं पत्र आलं, आणि खेळाडूला पत्र हातात द्यायचं काम मॅनेजरचं. तिनं ते वाचलं, घडी घातली, आणि मला विचारलं, "मॅडम, ह्याच्यावर सही करून माघारी द्यायचं असतंय का?"

तिला न्यायला वडील आले. मी स्टेशनपर्यंतसुद्धा जाऊ शकले नाही. संघ त्याच दिवशी सराव सामन्यांसाठी बाहेरगावी निघाला होता आणि तेवीस मुलींना बसमध्ये मोजून बसवायचं होतं. मोजताना मी दोनदा चोवीस म्हणाले.

करमाळ्यात व्यायामाचं यंत्र कुठून असणार. फिजिओ मोबाइलवर व्यायाम पाठवायची. पायाला वजन बांधून उचलायचं होतं, तर वडिलांनी जुन्या पोत्याच्या पिशव्या शिवल्या आणि ज्वारी भरली. अर्धा किलोची, किलोची, दीड किलोची. मापाडी माणूस, दाणा इकडेतिकडे नाही. कोमलनं मला फोटो पाठवला, ओळीनं मांडलेल्या आठ पिशव्या, प्रत्येकीवर खडूनं आकडा. फिजिओनं तो फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, आपल्या जिममधली वजनं इतकी अचूक नाहीत. सात महिने ज्वारी उचलून पाय जवळजवळ भरला होता. मग अवकाळी पावसात बांधावरून उतरताना तोच पाय सरकला आणि गुडघा पुन्हा गेला. दुसरं ऑपरेशन करायचं नाही असं घरात ठरलं. कुणी ठरवलं ते मी विचारलं नाही. या खेपेला विचारायचा हक्क नव्हता म्हणून.

मे महिन्यात हंगाम संपला की मी महिनाभर सोलापूरला येते. गेल्या मेमध्ये तिच्या गावी गेले. यापूर्वी त्या घरी चार-पाच वेळा गेले होते, आणि दरवेळी कोमलची आई अंगणातूनच म्हणायची, "या आत, चुलीम्होरं बसा, माजं हात पिठाचं हायती." मग भाकरी थापता थापता बोलणं. चहा स्टीलच्या पेल्यात, कधी कधी एकाच पेल्यातला दोघींना.

या वेळी मला बाहेरच्या खोलीत खुर्ची दिली. चहा ट्रेमधून आला. कपबशी, बशीत चार बिस्किटं, ट्रेवर विणलेला रुमाल. ती स्वतः उंबऱ्याशी उभी राहिली, पदर सारखा करत. मी सात वर्षं घराबाहेर राहिले आहे, परकेपणाचे प्रकार मला बरेच माहीत झाले आहेत. पण त्या ट्रेएवढं कशानं मला परकं केलं नाही.

मी म्हणाले, "ताई, माझी चूक झाली. मी विचारायला हवं होतं."

"न्हाय न्हाय मॅडम," ती म्हणाली. अगदी मायेनं म्हणाली. "नशीब हाय पोरीचं. तुमाला काय ठावं."

स्टँडवर तिनंच म्हटलं होतं, तुमाला न सांगता कळंल. आता म्हणाली, तुमाला काय ठावं. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या, नंतर चुलीपुढे जाऊन बसले असते. मी चारही बिस्किटं खाल्ली.

कोमल करमाळ्यात एका औषधाच्या दुकानात कामाला आहे. मला एसटीला सोडायला ती आली. अजून भरभर चालते; डावा पाय टाकताना किंचित थांबते, बघणाऱ्याला वाटावं काहीतरी आठवलं. दुकानातल्या गमती सांगत होती. "बाया येत्यात, हळूच म्हनत्यात, अडचनीचं पाकीट दे. मी म्हनते, कसली अडचन ते सांगा. पैसं सुटं न्हाईत ती बी अडचनच हाय की. लई चिडत्यात. मालक म्हनतो, तू गिऱ्हाईक घालवतीस."

"मग?"

"परवा एक म्हातारी आली. तिनं बी अडचन म्हनलं. म्हातारीला कुटली आली अडचन? इचारलं तर दोन दिवस लघवी न्हवती. दवाखान्यात धाडली."

स्टँडवर येऊन आम्ही पत्र्याच्या सावलीत उभ्या राहिलो. सोलापूरच्या गाडीला वेळ होता. मी विचारलं, "गुडघा कसा आहे?"

"बरा हाय की."

"बरा म्हणजे?"

ती हसली. "तुमी बी शिकला की मॅडम." आणि मग, समोरच्या गाड्यांकडे बघत, तिनं सांगितलं. जिना चढता येतो, उतरताना कळ येते. मांडी घालून बसता येत नाही, म्हणून लग्नात पंगतीला जात नाही. बघायला दोघं येऊन गेले, दोघांनी विचारलं, पाय कायमचा असा का. थंडीत ठणकतो. पावसात भीती वाटते. तिथल्या एका शाळेचं मैदान वाटेत लागतं, म्हणून दुकानाला मागच्या आळीनं जाते. आणि टीव्हीवर सामना लागला की वडील उठून तो बंद करतात. तिला बघायचा असतो, पण वडिलांना ते सांगितलेलं नाही.

"का नाही सांगितलं?"

"त्यास्नी वाटतंय, त्यास्नी कळतंय."

गाडी लागली. मी चढले, खिडकी मिळाली. ती खाली उभी राहून म्हणाली, "पोचल्यावर फोन करा. आन् नुस्तं पोचले म्हनू नका. कशा पोचला ते सांगा."

बाहेर पडलेले आपण लोक भेटलो की एक वाक्य हमखास बोलतो: आपल्या गावात काही सांगावं लागत नाही, न सांगता कळतं. पूर्वी मीही म्हणायचे. मंगळूरच्या त्या दमट खोलीत याच गोष्टीसाठी मला सोलापूर आठवायचं. आता आठवत नाही असं नाही. पण माझ्या ड्रेसिंग रूममध्ये नव्या मुली येतात, त्यांत यंदा एक आपल्या बार्शीची आहे. पहिल्या दिवशी ती कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, जरा अडचण हाय." मी म्हणाले, कसली, मोठ्यानं सांग. पोरगी लाल झाली. तिला मी परकी वाटले असणार, आणि वाटू दे. तिच्या पोटात दुखत होतं. तिनं पोट हा शब्द उच्चारल्यावरच मी पेटी उघडली.

त्या दिवशी सोलापूरला उतरले तेव्हा ऊन कलत होतं. पलीकडच्या फलाटावर विजापूरची गाडी उभी होती, कंडक्टर कानडीत हाका मारत होता. रिक्षा करण्याआधी मी तिथेच उभी राहून फोन लावला.

"पोचले," मी म्हणाले. "जागा खिडकीची होती. कंबर धरली आहे. आणि वाटेत रडले."

"कुटं?"

"टेंभुर्णीच्या पुढे."

फिजिओच्या आवाजात, चोख हिंदीत तिनं विचारलं, "कितना? ज़ीरो से दस?"

तोंडावर एक आला होता. आमच्याकडे एकच म्हणतात.

"आठ," मी म्हणाले.

"ल्हिलं," कोमल म्हणाली.